मदत हवी आहे: पार्ट लिस्टमधला ‘८,४’ म्हणजे कितीचा वॉशर?

नमस्कार मंडळी,

मुक्काम सांगली, विश्रामबाग. मामांची १९९६ ची मर्सिडीज ई२२० माझ्या गळ्यात पडली आहे. द्राक्षं चांगली गेली त्या वर्षी त्यांनी हौसेनं जुनीच घेतली होती. आता गुडघे साथ देत नाहीत. ऑइल, फिल्टर, बारीकसारीक कामं मी दारातच करतो. अडतं ते वॉशरपाशी.

गेल्या रविवारी ऑइल काढलं. सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) प्लगवर व्हर्निअर लावला, आट्यांवर १३.९ मिमी आला, म्हणजे १४ चा बोल्ट. गणपती पेठेत जाऊन “चौदाचा वायसर (वॉशर) द्या” म्हणालो. दुकानदारानं विचारलं, “पान्याचा चौदा का बोल्टाचा?” मी छातीठोकपणे बोल्टाचा म्हणालो. त्यांनी साधा लोखंडी वॉशर दिला. घरी येऊन मोजला तर भोक १५, बाहेरून २८, जाडी अडीच. तरी बसवला, कारण दुसरा नव्हता आणि चूक कबूल करायची नव्हती. सकाळी फरशीवर पुरणपोळीएवढा काळा डाग, वर बायकोचं भाष्य.

मग पार्ट लिस्ट उघडली आणि आणखी गोंधळलो. एका ओळीत ‘८,४’, दुसरीकडे ‘बी ८’, तिसरीकडे ‘ए १४ × १८’. प्लगच्या वॉशरपुढे तर नुसता नंबर: एन००७६०३ ०१४१०६. ‘८,४’ ही दोन मापं समजून मी आठ बाय चारचा वॉशर शोधत होतो, हसू नका. यातला कुठला आकडा भोकाचा, कुठला बोल्टाचा?

प्रतिसाद

हसलो, माफ करा. कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, त्यामुळे हे रोजचंच.

तो स्वल्पविराम नाही, दशांशचिन्ह आहे. जर्मन लोक ८.४ ला ८,४ लिहितात. डीआयएन १२५ या जुन्या जर्मन मानकात साध्या वॉशरला भोकाच्या मापानं ओळखतात. भोक ८.४, बोल्ट एम८ (म्हणजे ८ मिमीचा), बाहेरून १६, जाडी १.६. नव्या लिस्टमध्ये तोच वॉशर ‘आयएसओ ७०८९ - ८ - २०० एचव्ही’ असा येतो. इथं ८ हा बोल्ट, भोक नव्हे. २०० एचव्ही म्हणजे कडकपणा. ‘बी ८’ हा डीआयएन १२७ चा स्प्रिंग वॉशर असणार, तोही बोल्टाच्याच नावानं. एकाच लिस्टमध्ये दोन पद्धती नांदतात, त्यामुळे आकड्याआधी मानकाचा नंबर वाचायची सवय लावा.

तुमचा तो लांब नंबर वाटतो तितका कोडं नाही. एन च्या पुढचे सहा आकडे ००७६०३, म्हणजे डीआयएन ७६०३. हे सीलिंग रिंगचं मानक, साध्या वॉशरचं नव्हेच. पुढचं ०१४ म्हणजे १४. या रिंगांत आतला आणि बाहेरचा व्यास सरळ लिहितात: १४ × १८. ए म्हणजे भरीव सपाट रिंग. भोक १४ पेक्षा केसभर जास्त, बोल्टाला बिलगून बसते. लोखंडी वॉशर दाबला तरी दबत नाही, वर १५ चं भोक, ऑइल गळणारच. मऊ रिंग चेपते आणि फट बुजते. दुकानात ‘१४ ची तांब्याची सील रिंग’ म्हणा, वायसर म्हणूच नका.

प्रतिसाद

दुकानदाराचा प्रश्न मात्र रास्त होता. जपानी वळणाच्या गाड्यांत एम८ च्या बोल्टाला १२ चा पाना लागतो, तुमच्या गाडीत १३ चा. त्यामुळे ‘बाराचा वायसर’ म्हणून एम८ चा मागणारे रोज येतात. वर जुने मिस्त्री सुतात (एक सूत म्हणजे १/८ इंच) बोलतात. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. एम८ ला तो वॉशर बसून जातो. नट मात्र सुताचा घालू नका, आटे जुळत नाहीत आणि जोर लावला की बोल्टाचं वाटोळं.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. पेठेत तांब्याची रिंग मिळाली, १४ × १८, दीड मिमी. अजून एक: काढलेली तांब्याची रिंग परत वापरता येते का?

प्रतिसाद

अडल्यावेळी येते. तांबं दाबानं कडक होतं. गॅसवर पकडीनं धरून लालसर करा आणि पाण्यात टाका, मऊ पडतं. लोखंडासारखं पाण्यानं कडक होईल ही भीती नको. रिंगेवर आडवा चरा असेल तर मात्र फेकाच. आणि हे मागच्या अंगणात करा, बायकोच्या शेगडीवर नको.

मूळ लेखक

शेगडीवरच केलं. फरशीचा डाग अजून गेलेला नाही, त्यामुळे आज घरात दोन खटले चालू आहेत. प्लग कोरडा आहे पण.