मदत हवी आहे : कवडीपाटचे चक्रवाक फोटोत धूसर का येतात?

पुण्याजवळ कवडीपाटला मुळा-मुठेवर चक्रवाक (स्थलांतरित बदकं) आलेत. दोन रविवार गेलो, सकाळी ९ ते ११. बंधाऱ्यावर १०-१२ मीटरवरचा धोबी पक्षी अगदी रेखीव येतो, पीस न् पीस मोजावं असा. पण साधारण ८० मीटरवरचे चक्रवाक प्रत्येक फोटोत मऊ, थरथरल्यासारखे. लेन्स ७०-३०० मिमी, झूम पूर्ण ३०० वर. शटर १/१६००, एफ/८, आयएसओ ८००. ट्रायपॉड लावला, सिंगल पॉइंट फोकस केला, फिल्टर काढला, फरक नाही. जवळ जायचं नाही, थवा उठतो. मोठी लेन्स सध्या परवडणार नाही.

ऑक्टोबर हीटमुळे पाण्यावर तरळणारी हवा नडतेय, की लांबचा फोकस चुकतोय? हे नक्की कसं तपासू? आणि हवाच असेल, तर उजाडल्यापासून किती वाजेपर्यंत फोटो स्वच्छ मिळतात?