डोक्यातून न जाणारी राईड: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गेल्या महिना-दोन महिन्यांतली जी राईड अजून डोक्यात घोळतेय ती इथे सांगा. लांबच असावी असं काही नाही. ॲव्हरेज, चढाई, हार्ट रेट खुशाल लिहा, पण ॲपवर जे उमटलं नाही ते आधी. सुरुवात मीच करतो, म्हणजे पुढच्यांना लाज वाटायला नको.

रविवारी ६० किलोमीटरचा बेत होता. सरळसोट रस्ता, ३० जायचं, ३० यायचं. निघाल्यापासून सायकल अशी पळत होती की विचारू नका. काट्यावर ३०, श्वास जागेवर, मांड्या ताज्या. दोन महिने पहाटे उठलो त्याचं चीज झालं, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. बरोबर तासाभरात टोक गाठलं, पाणी प्यायलो, सायकल वळवली आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे रेटावं तसं झालं. सगळा पराक्रम वाऱ्याचा होता! पाठीवरचा वारा जाणवत नाही, कानात घोंघावत नाही, ही त्याची लबाडी. फुकटचं श्रेय आपण घेऊन बसतो.

येताना काही केल्या २० च्या वर जाता येईना. घरी येऊन हिशेब मांडला: जायला एक तास, यायला दीड. ॲव्हरेज २४. म्हणजे ३० आणि २० चा मध्य जो २५, तोही पदरात नाही, कारण वाऱ्याशी झटण्यात वेळच जास्त गेला. आता निघताना वारा कुठून येतोय ते बघतो आणि आधी त्याच्या तोंडावर जातो. परतीला अंगात काही उरलेलं नसतं, तेव्हा ढकलणारं कुणीतरी हवं.

*

वारा परवडला, माझं ऐका.

२२ व्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, फार वेळ लागला नाही, स्वतःवर खूश. २६ व्याला पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं राहिलं होतं. हे मी नवीन लोकांना शिकवतो, बरं का. दुसरी ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व्ह आखूड. मध्यंतरी ५० मिलिमीटर खोल रिम घेतली, मिरवली, आणि पिशवीतली ही ट्यूब मात्र जुन्या रिमच्या काळातली, ४८ च्या व्हॉल्व्हची. तोंड रिमच्या आत, पंप लावायचा कशाला?

उरले पॅच. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून फिरवली की बारीक झुळूकही कळते. छिद्र सापडलं, व्हॉल्व्हपासून वीतभर. आता टायरमध्ये काय घुसलंय ते शोधायचं. टायरवरची कंपनीची अक्षरं मी नेहमी व्हॉल्व्हसमोर आणून बसवतो. लोकांना वाटतं शोभेसाठी. त्याचा उपयोग हा असा: अक्षरांपासून वीतभर, या बाजूला नाहीतर त्या बाजूला, तेवढंच चाचपायचं. सापडली. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडते ना, ती पोलादी तार. केसाएवढी बारीक, आतून जेमतेम दोन मिलिमीटर डोकावत होती. नखाने निघेना, टायर लिव्हरने निघेना. शेवटी दातात धरून उपटली. घरी हे सांगितलेलं नाही.

आणि सोल्युशन लावल्यावर पॅच लगेच चिकटवू नका हो. ते सुकून त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं. मी घाई केली, पहिला पॅच सुटला, मग थांबलो. एकूण ५० मिनिटं गेली. ॲपने ती 'विश्रांती' म्हणून धरली आहेत.

*

छोटासा. क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवून ठेवणारी बुटाखालची पट्टी, लावून तिसरीच राईड. सिग्नलला थांबलो, म्हणजे थांबायला गेलो. उजवा पाय सोडवला आणि सायकल कलली डावीकडे. झाड पडावं तसा, अगदी सावकाश, पडलो. शेजारच्या गाडीतल्या छोट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. खरचटलं कोपर, दुखलं भलतंच. पेडलचा ताणाचा स्क्रू आता पार सैल केलाय आणि थांबायच्या वीस मीटर आधीच पाय मोकळा करतो.

*

यावर बायका फारशा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. माझ्या डोक्यातली राईड १०० किलोमीटरची, आणि आठवण एकच: सॅडल.

सत्तर किलोमीटरनंतर बसवेना. बधिरपणा, मग आग, मग उभं राहून पेडल मारणं, मग पोटऱ्यांत गोळे. पाय कमी पडतायत, व्यायाम वाढवला पाहिजे, असंच मी धरून चालले होते. घरी आल्यावर मैत्रिणीने मागून काढलेला व्हिडिओ पाहिला. प्रत्येक फेरीला माझी कंबर डावी-उजवी डुलतेय. सॅडल उंच होतं! पेडल खाली गेलं की मी अक्षरशः त्याच्यामागे पाय ताणत होते आणि सगळी घासाघीस नको तिथे होत होती. भिंतीला पाठ लावून, पायांत पुस्तक धरून जांघेपर्यंतची उंची मोजली: ७६ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं जुनं सूत्र आहे, ६७ च्या आसपास येतं. क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) आसापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत माझं होतं साडेअडुसष्ट. दीड सेंटीमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण शंभर किलोमीटरमध्ये पाय हजारो वेळा फिरतो. सूत्र म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, तिथून पाच-पाच मिलिमीटर खालीवर करून बघायचं. मी ६७.५ वर थांबलेय.

आणखी दोन गोष्टी, न लाजता. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. मी सहा महिने घालत होते, कुणी सांगितलंच नाही, आणि शिवणींनी सोलवटून निघायचे. दुसरं, खांद्यावरच्या पट्ट्यांच्या बिब शॉर्ट्स ज्यांनी बनवल्या त्यांनी झुडपाआड जायची वेळ आलेली बाई पाहिलेली नसावी. आधी जर्सी काढा, मग पट्ट्या, मग पुढचं. यासाठी पाणी कमी पिणाऱ्या तिघी मला माहीत आहेत. पट्ट्या सोडवता येतात असे प्रकार मिळतात, तेच घ्या.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, सूत्र पुरुषांनाही लागू.

माझी ३०० ची ब्रेव्हे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नव्हे. ३०० किलोमीटरला २० तास, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद, मदतीला मागे गाडी नाही, आणि निकालात पहिला-दुसरा कुणी नसतो. २००, ३००, ४०० आणि ६०० एकाच हंगामात पुऱ्या केल्या की सुपर रँडोनर म्हणवून घेता येतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या १,२०० किलोमीटरच्या राईडचा रस्ताही त्याच चार टप्प्यांवरून जातो. ती १८९१ पासूनची, आता दर चार वर्षांनी होते, मागची २०२३ मध्ये झाली. माझं स्वप्न २०२७ चं, पण परवा २१० व्या किलोमीटरला एका मैलाच्या दगडावर बसून मी सायकल विकायचं ठरवत होतो.

झालं असं की भूक लागली नव्हती म्हणून खाल्लं नव्हतं. उन्हात गोड नको वाटायचं, नुसतं पाणी पीत गेलो. अंधार पडला आणि तासाभरात दिवा विझल्यासारखं झालं. पाय दुखतात असं नाही, पाय नाहीतच असं वाटतं. राग येतो. मला हँडलबारच्या टेपचा राग आला होता, खरंच. मागून एक अनोळखी गृहस्थ आले, थांबले, काही न विचारता चार खजूर हातावर ठेवले आणि म्हणाले, "चावत बसू नका, गिळा. दहा मिनिटं झोपा. मी आहे." नऊ मिनिटं झोपलो असेन. उठलो तर खरंच होते ते, सायकलला टेकून दिव्याची बॅटरी बदलत. उरलेले ९० किलोमीटर आम्ही एकमेकांशी शंभर शब्द बोललो नसू. १९ तास २२ मिनिटं. फ्रान्सचा वेलोसिओ, खरं नाव पॉल द विवी, भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या असं सांगून १९३० मध्ये गेला. मला ते कळायला एक मैलाचा दगड लागला. आता घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर आहे. वाजला की दोन घास, भूक असो नसो.

करंगळी आणि अनामिका पुढे आठवडाभर बधिर होत्या. तळव्याच्या कडेवर भार टाकून तासन् तास बसल्याने तिथली नस दबते. हातांची जागा बदलत राहायची, हे ठाऊक असून केलं नाही.

*

त्या गृहस्थांचं नाव कळलं का?

*

नाही. अंतिम ठिकाणी ते आधीच निघून गेले होते.

*

मी साठी ओलांडलेला. चाळिशीत घेतलेली सायकल होती, पुढचं चक्र ३९ दाती, मागचं मोठ्यात मोठं २५ दाती. तिने ९ किलोमीटरचा घाट, सरासरी ६ टक्क्यांचा, मी मागल्या वर्षी तीनदा चढायला घेतला आणि तीनदा अर्ध्यातून उतरलो. गुडघे बोलायला लागले. घरच्यांनी "आता पुरे" सुरू केलं. मुलाने मात्र कागदावर गणित मांडून दाखवलं. माझा चढावरचा वेग ताशी साडेसात. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. जुन्या गिअरवर त्या वेगाला पाय मिनिटाला ३८ वेळा फिरतात, म्हणजे दर फेरीला जिना चढल्यासारखा जोर. पुढे ३४ आणि मागेही ३४ घातलं तर तोच वेग, पण ६० फेऱ्या.

गिअर बदलून घेतले. घाट चढलो. एक तास बारा मिनिटं. एकदा थांबलो, तेही माकडं बघायला. तरुण मंडळी हसतात, एवढी मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) म्हणजे ताटली आहे म्हणतात. हसोत. वर पोहोचल्यावर खाली आपण आलो तो रस्ता वळणावळणाने दिसतो, तो त्यांना थांबून बघायला वेळ नसतो.

*

काका, ताटलीला सलाम. घाट चढल्यावर उतरायचाही असतो म्हणून माझं लिहितो. ५८ चा वेग, मोकळा उतार, आणि अचानक हँडल थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब. मग अख्खी सायकल ताप भरल्यासारखी कापायला लागली. माणूस साहजिकच हँडल घट्ट आवळतो आणि त्याने ते वाढतं. कुठेतरी ऐकलेलं आठवलं: दोन्ही गुडघे आडव्या नळीला आवळून धर, हात सैल, हळूहळू मागचा ब्रेक. केलं. दोन सेकंदांत शांत. थांबून कठड्यावर बसलो तर आता माझे पाय थरथरत होते. नंतर चाकं, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो सांधा) सगळं तपासून घेतलं, दोष काही निघाला नाही. थंडी होती, मी अंग आखडून बसलो होतो, तेवढंच सुचतं.

*

पेडल गळून पडल्याचा अनुभव कुणाला? प्रवासानंतर सायकल जोडली, डाव्या क्रँकला उजवं पेडल जोर लावून बसवलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पाय फिरवून ते सुटू नये म्हणून. ११ किलोमीटरला पेडल माझ्या बुटाला लटकलेलं आणि क्रँकचे आटे भुगा. एका पायाने परत. एका पायाने किती जाता येतं? चढ येईपर्यंत.

*

लिहू की नको करत होतो. आठ महिन्यांपूर्वी पडलो, ओल्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर वळताना. पडताना हात पुढे टाकला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं कधीच, पण सायकल भिंतीला टांगलेली होती ती खाली काढवत नव्हती. वाटेत येते म्हणून तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो होतो.

मागच्या शनिवारी टॉवेल काढला. हवा भरली. नेहमीपेक्षा जरा कमी ठेवली, पकड राहावी म्हणून, कोरडं होतं तरी. घराजवळचा एक फेरा मारला. वळण आलं की खांदे कानांपर्यंत जायचे. एका ठिकाणी रस्ता दुभागणारी पांढरी रेघ आली, तिच्यावरून जायचं होतं. पेडल थांबवलं, सायकल अगदी सरळ ठेवली आणि गेलो. दुसऱ्या फेऱ्याला पेडल मारतच गेलो.

किलोमीटर सांगता यायचे नाहीत, कॉम्प्युटर लावलाच नव्हता. चेन गंजली आहे, सगळ्या वाटेत किरकिरत होती. आज तेल आणलंय.