हॅर्टाला बोटीवरच राहू द्या

गिरगावचा वाचक

गेल्या रविवारी भाची घरी आली होती. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला येते-जाते आणि गाडीत वाचते. त्या आठवड्यात तिनं 'रणांगण' संपवलं होतं. चहा होईपर्यंत गप्पच होती. मग म्हणाली, "मामा, चक्रधरचं पुढे काय झालं असेल? कुणी लिहिलंच नाही ना? मीच लिहिते." मी "अजिबात नको" म्हणालो, आणि ते इतक्या जोरात की पोरीचं तोंड उतरलं. आता चार दिवस झाले, 'नको' का, हे स्वतःलाच नीट सांगायचा प्रयत्न करतोय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्राम बेडेकरांची ही छोटेखानी कादंबरी १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोट मुंबईला लागते. तो उतरतो, ती उतरू शकत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते आणि तिचा शेवट समुद्रात होतो.

पुढचा भाग लिहायचा म्हणजे चक्रधरला धक्क्यावरून घरी न्यायचं. त्याला नोकरी लावायची, कदाचित लग्नही. आणि तसं केलं की ती बोट त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग होऊन बसते. आज पुस्तक मिटताना तीच त्याचं अख्खं आयुष्य असते. बेडेकर १९९८पर्यंत होते. युद्ध संपलं, छळछावण्यांची सगळी हकीकत जगापुढे आली, त्यांनी नाटकं लिहिली, चित्रपट केले, आत्मचरित्र लिहिलं. एकोणसाठ वर्षांत त्या बोटीवर मात्र ते परत चढले नाहीत. त्यांच्याहून जास्त हक्क कुणाचा?

आपल्याकडे हे फार आधी सांगून झालंय. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. मला याहून नेमकं काही सुचत नाही.

माझगावची

काका, भाचीचं तोंड उतरवलंत ते मला आवडलं नाही. पुस्तक संपल्यावर माणसं डोक्यातून जात नाहीत म्हणून ती विचारतेय. वाचक म्हणून याहून मोठी दाद कोणती?

मी माझगावच्या चाळीत वाढले. किरण नगरकरांची 'रावण अँड एडी' इंग्रजीत वाचली तेव्हा आमचाच जिना, आमचाच नळ, वरचा मजला आणि खालचा मजला असं सगळं समोर आलं. दोन्ही पोरं मोठी व्हायच्या आत पुस्तक संपतं. पुढे २०१२ला 'द एक्स्ट्राज' आणि २०१५ला 'रेस्ट इन पीस' आली. पहिलीइतकी घट्ट वीण त्यांत नाही, हे मी कबूल करते. पण चाळीतली पोरं चाळीतून बाहेर पडून या शहरात काय होतात, हे मला वाचायचंच होतं. लेखकाला स्वतःलाही त्यांना सोडवत नव्हतं. म्हणून काय पहिलं पुस्तक बाटलं?

गिरगावचा वाचक

लेखकानं स्वतः लिहिलं तर माझी हरकत कमी आहे. त्याची माणसं, त्याचा निर्णय. माझं भांडण परक्या हातांशी आहे. आणि भाचीला मी फोन केला, ते वेगळं.

खारफुटी

परक्या हातांचं उदाहरण देते. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ची. तीत नायकाची वेडी बायको माळ्यावर कोंडलेली आहे. किंकाळी, आग, बस, एवढंच तिच्या वाट्याला. ती कॅरिबियन बेटांवरून आणलेली. त्याच बेटांपैकी डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसनं १९६६मध्ये 'वाइड सारगॅसो सी' लिहिली आणि त्या बाईला वेगळं नाव, बालपण, भीती, नवरा, सगळं दिलं. हा पुढचा भाग नाही, आधीचा आहे, पण परक्या हातानेच लिहिलेला. तो वाचल्यावर मी 'जेन एअर' पुन्हा उघडली तेव्हा माळ्यावरच्या पावलांचा आवाज मला वेगळाच ऐकू आला. मूळ पुस्तक तेच, एक अक्षर बदललेलं नाही. वाचणारी बदलली होती.

आता 'रणांगण'. ती सगळी चक्रधरच्या तोंडून येते. हॅर्टा आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसते, मुंबई सोडल्यावर तर फक्त पत्रांतून. त्या केबिनमध्ये ती एकटी असताना काय होत होतं? देश नाही, बंदर नाही, आणि ज्याच्यावर जीव लावला तो धक्क्यावर उतरून गेलेला. हे एखाद्या बाईनं लिहावं असं मला मनापासून वाटतं. भाचीला म्हणावं, चक्रधरला राहू दे, तिचं लिही.

लोअर परळ

मी विरोधात. 'गॉन विथ द विंड' १९३६ची, लेखिका १९४९मध्ये गेली. १९९१मध्ये वारसांच्या संमतीनं दुसऱ्या लेखिकेकडून 'स्कार्लेट' लिहून घेतली. मूळ पुस्तकाच्या शेवटी नवरा दार उघडून निघून जातो आणि उद्याचं उद्या बघू म्हणत ती उभी राहते. पुढच्या भागात दोघांचं जुळवून दिलं. खप भरपूर झाला. पण ते उघडं दार कुणाला तरी पुसायचं होतं म्हणून पुसलं. लिहिणारा गुणी असला तरी त्याला कामाला लावणारा बहुतेक वेळा गल्ल्याकडे बघत असतो.

किल्ला कोर्ट

कायद्याचं आधी सांगतो, कारण भाची खरंच लिहायला बसली तर लागेल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे 'रणांगण'साठी २०५८ संपेपर्यंत. घरी वहीत लिहायला कुणाची ना नाही. छापायचं, ध्वनिमालिका करायची, तर वारसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. हरिभाऊ आपटे १९१९ला गेले, त्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ला मात्र आज कुणीही हात लावू शकतो. अर्थात कायदा परवानगीचं बोलतो, योग्य-अयोग्याचं नाही.

योग्य-अयोग्याबद्दल माझा अनुभव असा. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' मी अकरावीत वाचली. अ‍ॅटिकस फिंच या, काळ्या आरोपीसाठी लढणाऱ्या, वकिलामुळे मी लॉला गेलो, हे मी घरीही कधी सांगितलं नव्हतं. २०१५मध्ये 'गो सेट अ वॉचमन' आली. तीत वीस वर्षांनंतरचा अ‍ॅटिकस वर्णभेदाच्या बाजूनं बोलतो. खरं तर हा आधीचा खर्डा, त्याच्यावर काम करता करताच 'मॉकिंगबर्ड' तयार झाली. पण दुकानात ती पुढची गोष्ट म्हणूनच हातात आली. मी ती चर्चगेट ते बोरिवली अशी दोन दिवसांत वाचली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात लक्ष लागेना. ज्यांना हे वास्तव वाटतं, आणि ती माणसं तशीच असायची, त्यांचं मी खोडू शकत नाही. पण तो माझा अ‍ॅटिकस नाही. आणि इथे लेखिका तर मूळचीच होती. म्हणून 'लेखकानं स्वतः लिहिलं तर चालेल' ही काकांची सूटही मला मान्य नाही.

पखवाज

एकनाथांचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या घरी लालबागला भावार्थ रामायणाची पोथी वाचतात, आजोबांपासून. नाथांनी ती युद्धकांडापर्यंत आणली आणि १५९९मध्ये देह ठेवला. उरलेलं त्यांचा शिष्य गावबा यानं पूर्ण केलं. श्रावणात पोथी ऐकणाऱ्याला नाथांची ओवी कुठे थांबली आणि गावबाची कुठे सुरू झाली ते कळत नाही. ज्यांनी नरोटीची ओवी लिहिली, त्यांच्याच ताटात शिष्यानं वाढलं आणि ते आपण चारशे वर्षं जेवतोय. मग एकच ओवी सांगून प्रश्न मिटवू नका.

गिरगावचा वाचक

हा मुद्दा मला लागला. दोन दिवस उत्तर शोधत होतो. मला वाटतं फरक अपुऱ्याचा आणि पुऱ्याचा आहे. रामायणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, रावण मरायचा होता, राम परतायचा होता. गावबानं अर्धवट राहिलेली गोष्ट तडीस नेली. ज्ञानेश्वरी पसायदानावर पूर्ण झाली होती. 'रणांगण' पूर्ण झालेली आहे. बंगालीतही विभूतिभूषणांच्या 'अपराजित' कादंबरीपुढे तिच्या नायकाच्या, अपूच्या, मुलाची गोष्ट, 'काजल', त्यांचा मुलगा तारादास यानं लिहिली. वडील गेले तेव्हा तो अगदी लहान होता. मुलानं वडिलांची वही हातात घ्यावी, यात मला हाव दिसत नाही, ओढ दिसते. तरीही मी 'अपराजित' आहे तिथेच थांबवतो.

खारफुटी

पण काका, पूर्ण झाली हे ठरवणार कोण? स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५मध्ये आला. १६१४मध्ये अवेयानेदा असं टोपणनाव घेऊन कुणी तरी दुसरा भाग परस्पर छापला. सर्व्हान्तेस चिडला, पण त्या चिडीतून काय केलं बघा. १६१५च्या त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या भागात डॉन किहोतेला एका खाणावळीत त्या खोट्या पुस्तकाबद्दल कळतं. खोट्या पुस्तकातला डॉन सारागोसाला गेलाय ना, मग मी तिथे जातच नाही, म्हणून तो बार्सिलोनाची वाट धरतो. शेवटी लेखकानं त्याला मारलाच, म्हणजे पुन्हा कुणी उठवायला नको. जगातल्या सर्वात थोर कादंबऱ्यांपैकी एकीचे कित्येक सुंदर प्रसंग परक्या हाताच्या आगाऊपणातून आले आहेत.

लोअर परळ

सुंदर प्रसंग सर्व्हान्तेसचे आहेत, अवेयानेदाचे नाहीत. त्याचं पुस्तक आज अभ्यासकांशिवाय कोण वाचतं?

वाचनालयाची ताई

सगळे परदेशी फिरून आलात, आपलं कुणीच सांगितलं नाही. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' १९५२ची. 'गारंबीची राधा' त्यांनी १९९३मध्ये लिहिली, एक्केचाळीस वर्षांनी. परळच्या आमच्या वाचनालयात 'बापू'च्या तीन प्रती आहेत, तिन्ही शिवून शिवून जाड झाल्यात. 'राधा'ची एकच आहे, अजून कोरी वाटते. 'बापू' परत करणाऱ्याला मी 'राधा' काढून देते. काही जण दोन दिवसांत परत आणतात आणि काही बोलत नाहीत. पण एक आजी आहेत, गिरणी कामगाराच्या पत्नी, मूळ हर्णैकडच्या. त्या म्हणाल्या, बापूच्या पुस्तकात राधा देखणी होती, इथे ती माणूस आहे. त्यांनी ती तीनदा नेली. म्हणून मी प्रत कपाटात ठेवलेली आहे, काढून टाकलेली नाही. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही पूर्ण. वाचक वेगळा, तसं पुस्तक वेगळं.

डोंबिवली फास्ट

मामाची भाची. मला हा धागा आज दाखवला त्यानं.

खारफुटीताई, तुमचं वाचून मी हॅर्टाची आठ पानं लिहिली. बोट मुंबई सोडते तिथून. बॅलार्ड पिअरचे दिवे मागे पडतात. आठव्या पानावर तिला पत्र लिहायला बसवलं आणि थांबले, कारण ते पत्र तर मूळ पुस्तकात आहे आणि मला एक ओळही त्याहून बरी सुचेना. मामा, तू म्हणालास म्हणून नाही थांबले. तिच्या शेजारच्या केबिनमध्ये कोण होतं, हे मात्र अजून डोक्यात आहे. ती बाई माझी आहे, बेडेकरांची नाही. तिच्यावर लिहिते. बोट दुसरी घेईन.

गिरगावचा वाचक

लिही. पहिली पानं मला दाखव, बोलणार नाही काही.

ताई, 'राधा' मी वाचलेली नाही. न वाचताच इतकं बोललो. परवा शनिवारी संध्याकाळी येतो, प्रत बाजूला काढून ठेवाल का? आजींनी नेली असेल तर त्यांची होऊ द्या आधी.