शेल्टरमधलं कुत्रं आणि "जात कोणती?" – तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. जळगावच्या एका शेल्टरमधून कुत्रं आणायचं आमच्या घरात ठरलंय. आवडलेल्या पिल्लाच्या पिंजऱ्यावर पाटी आहे: "लॅब क्रॉस, मादी, अंदाजे ४ महिने". पाटी वाचून सासूबाई खूश, नवरा साशंक, लेकीला जातीचं काहीच पडलेलं नाही. हा अंदाज कोण बांधतं, कशावरून बांधतं, आणि कुत्रं मोठं झाल्यावर त्याचं काय होतं? जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या ज्यांनी शेल्टरमधलं किंवा रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलंय त्यांनी लिहा. घेताना काय सांगितलं होतं, पुढे काय निघालं, आणि त्या अंदाजामुळे काही बिघडलं-सुधारलं का. फोटो टाकून "ओळखा पाहू" नको, तो खेळ सगळीकडे चालूच असतो.

धुळे, देवपूर

आमचं "जर्मन शेफर्ड मिक्स". पाठीवर काळं, पाय तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला, एवढ्यावर शेफर्ड. दात बदलताना पिल्लांचे कान असे वर-खाली होतातच, पण ते कोण सांगणार! आता साहेब पूर्ण वाढलेत. मध्यम अंगकाठी, लांब पाय, शेपटी पाठीवर वळलेली. पांझरेच्या काठच्या कुत्र्यांत सोडला तर मलाच शोधावा लागेल. फायदा मात्र झाला. आमचे घरमालक भाडेकरूंना कुत्रं ठेवू देत नाहीत, पण "शेफर्ड आहे ना, मग राहू द्या, राखण होईल" म्हणाले. गावठी म्हटलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा शेफर्ड" म्हणून दाखवतात. मी काही बोलत नाही.

साक्री

आमच्या भागात ठेलारी लोकांच्या मेंढ्या असतात, त्यांची कुत्री लहानपणापासून बघितलेली. त्यामुळे आमच्याकडे जरा उंच, बारीक कुत्रं दिसलं की लगेच "कारवानी (सडपातळ शिकारी जात) आहे". आम्ही आणलेल्या कुत्रीलाही सगळ्यांनी कारवानी ठरवलं. खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, अंगावर केस असे नाहीतच. दोन वेळ दूध-भाकरी आणि खरजेवर औषध सुरू झालं, आणि ती कारवानी हळूहळू गायबच झाली! पोट आत होतं ते उपाशी असल्यामुळे. केस नव्हते ते खरजेमुळे. चांगला दाट तांबूस कोट आला, मान भरली. रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याची जात पहिल्या दिवशी ठरवू नका एवढंच म्हणेन. तेव्हा कुत्र्यापेक्षा त्याची उपासमारच जास्त दिसत असते.

चाळीसगाव (पशुवैद्यक आहे)

रोज हा प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जात ओळखतो ती रंग, केस, कान, पायांची लांबी यांवरून. यातल्या बऱ्याच गोष्टी एक-दोन जनुकांच्या हातात असतात. आखूड पायांचंच घ्या. डॅशहुंडसारख्या जातींचे पाय आखूड का, याचं मुख्य कारण एका जनुकाची वाढीव प्रत असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. तेवढी प्रत कुठून तरी आली की बाकी सगळं गावठी असलेलं कुत्रंही बुटकं होणार. लांब केसांचं उलट आहे. तो गुण सहसा दबून राहतो, म्हणून आखूड केसांच्या दोन कुत्र्यांना झुपकेदार पिल्लू होऊ शकतं आणि गाव म्हणतं "पॉमेरियनचं आहे". काळा रंग बहुतेक वेळा वरचढ असतो. काळं, आखूड केसांचं, कान पडलेलं पिल्लू म्हणजे लॅब, हे समीकरण इथेच फसतं. धागा काढणाऱ्या ताईंनी लक्षात घ्यावं.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी बेसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर करून पिढ्या वाढवल्या. त्यांचं काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्या पिढीतली बरीच पिल्लं आजा-आजीच्या कुठल्याच जातीची वाटत नव्हती, आणि एकमेकांसारखीही नव्हती. आईबाप माहीत असून ही गत, तर महामार्गाच्या कडेला सापडलेल्या पिल्लाचं काय सांगणार?

२०१८ मध्ये ॲरिझोना आणि सॅन डिएगो इथल्या शेल्टरमधल्या ९०० हून अधिक कुत्र्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. कर्मचाऱ्यांनी सांगितलेली निदान एक जात अहवालात सापडण्याचं प्रमाण होतं ६७ टक्के. एकाहून जास्त जाती बरोबर येण्याचं, १० टक्के. आणि हे रोज कुत्र्यांत वावरणारे लोक. शिवाय तिकडच्या मिश्र कुत्र्यांत पाळीव जातींचं रक्त भरपूर असतं. आपल्याकडे रस्त्यावरची बहुतेक कुत्री पिढ्यान्पिढ्या गावठीच आहेत, त्यामुळे "कोणता क्रॉस" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "कोणताच नाही" असतं.

स्वभावाचं तर विचारूच नका. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे.

मग मी जात विचारतो कधी? मुख्यतः एका औषधासाठी. खरूज-गोचिडीसाठी आयव्हरमेक्टिन सर्रास टोचलं जातं. कोली आणि काही मेंढपाळ जातींमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हे औषध जास्त मात्रेत मेंदूपर्यंत पोचून जीवावर बेतू शकतं. तसा थोडाही संशय असेल तर मी दुसरं औषध देतो. आणि मेडिकलमधून आणून घरीच टोचणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका करू.

वयाचं मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. पुढचे दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात, सुळे पाचव्या-सहाव्यात, सातव्यापर्यंत सगळे ४२ दात आलेले असतात. पाटीवर "४ महिने" असेल तर ओठ वर करून पाहा.

शहादा

डॉक्टरांनी दातांचं लिहिलं म्हणून आमच्या मामांची गोष्ट. मामा सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे करणारे. घोड्याचे भोवरे, खूर, दात पाहून वय आणि खोड सांगतात, लोक खास विचारायला येतात. आम्ही कुत्रं आणलं तेव्हा त्यांना बोलावलं की सांगा, कोणत्या जातीचं. मामांनी जबडा उघडला, पंजे दाबले, थोडं पळवून पाहिलं. मग म्हणाले, "जात काय इचारस भो? डावा पाय देख, लंगडस." खरंच मागच्या डाव्या पायात जुना काटा रुतून गाठ झाली होती. रस्ता ते शेल्टर ते आमचं घर, सगळ्यांनी जात पाहिली, पाय कुणी पाहिला नव्हता. जात मामांनी अजून सांगितलेली नाही.

भुसावळ

आमचा अनुभव कडू आहे. कुत्र्याचं डोकं रुंद, छाती भरलेली, म्हणून कागदावर कुणीतरी "पिटबुल मिक्स" लिहिलं. मार्च २०२४ मध्ये हिंस्र ठरवलेल्या २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवायला सांगणारं केंद्राचं परिपत्रक आलं, त्यात मिश्र कुत्रीही धरलेली. सोसायटीने लगेच नोटीस दिली. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं, पण जिन्यातल्या बायकांना न्यायालयाचं कोण सांगणार? आमची "पिटबुल" मांजर दिसली की कॉटखाली जाते. शेवटी डॉक्टरांकडून लसीकरणाच्या पुस्तिकेत "मिश्र, देशी" असं लिहून आणलं तेव्हा वाद मिटला. दत्तकपत्रावर सही करण्याआधी जातीचा रकाना वाचा. खात्री नसेल तर तिथे "मिश्र" एवढंच लिहायला लावा.

रावेर

पुण्याच्या भाच्याने हौसेने गालाच्या आतून बोळा फिरवून आमच्या कुत्र्याची डीएनए तपासणी केली. रिपोर्टमध्ये बहुतेक हिस्सा "व्हिलेज डॉग", म्हणजे गावठीच. मी म्हटलं, एवढे पैसे घालून हेच कळायचं होतं तर आमच्या केळीच्या बागेतल्या सालदाराने चहावर सांगितलं असतं.

जळगाव (शेल्टरमध्ये मदतीला जाते)

पाटी आम्हीच लिहितो, तेव्हा आमचीही बाजू. "गावठी" लिहिलं की फोन येत नाहीत. "लॅब क्रॉस" लिहिलं की येतात. काही पिल्लं त्या दोन शब्दांवर घरात गेली, म्हणून कुणाला पाटी बदलवत नाही. मला स्वतःला ते पटत नाही, कारण त्यातली काही "लॅबसारखं दिसत नाही" म्हणून परत येतात, आणि परत आलेलं मोठं कुत्रं दुसऱ्यांदा जाणं फार अवघड.

पण आम्हाला जातीपेक्षा बरंच काही माहीत असतं, ते कुणी विचारतच नाही. जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का. लहान मुलं आली की पुढे येतं की कोपरा धरतं. पट्टा घातलाय का कधी. रेबीजची लस कधी झाली, नसबंदी झाली का (मोठ्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर झालेली आहे). आई पाहिली होती का, कारण आई पाहिली असेल तर मोठेपणीच्या आकाराचा थोडा तरी अंदाज देता येतो. ताई, तुमच्या पिल्लाची आई मी पाहिलेली आहे, ती गुडघ्याच्या जरा वर येते. लेकीला घेऊन सकाळी लवकर या. ऊन चढलं की सगळी फरशीला पोट लावून पडतात, मग स्वभाव काय कळणार? पाटीवरचं "लॅब" नको असेल तर तुमच्यासमोर खोडते.