इंजिन ड्रायव्हर चिफली आपला माणूस म्हणायचा का?

भोसरीचा फिटर:
युनियनच्या कमिटीवर यंदा पहिल्यांदाच निवडून आलोय. रविवारी अभ्यासवर्गात ऑस्ट्रेलियाच्या बेन चिफलींवर बोलायचंय. आधी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, मग युनियन, १९४५ ते ४९ पंतप्रधान. पण कोळसा खाणीतला संप मोडायला याच माणसानं सैन्य उतरवलं. मग आपला म्हणायचा का?

घोरपडीचे काका:
म्हणायचा. मी रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो, वडील दौंड लाइनला वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे होते. १९१७च्या रेल्वे संपात चिफलींना काढलं आणि परत घेतलं ते सिनिऑरिटी पुसून, फायरमन म्हणून. म्हणजे काय ते सांगतो. काल ज्या पोराला तुम्ही रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाची वाफ सोडायचा दांडा धरायला शिकवलं, आज त्याच्या हाताखाली कोळसा ओढायचा. वडिलांच्या दोन्ही मनगटांवर भट्टीचे डाग होते, शर्टाच्या बाह्या ते कधी दुमडत नसत. चिफलींना सिनिऑरिटी परत मिळायला १९२५ उजाडलं. तोवर १९२०मध्ये ड्रायव्हर-फायरमनांची देशव्यापी युनियन उभी करणाऱ्यांत ते होते. १९२८ला खासदार झाले. त्या संपकऱ्यांना सरकारनं जरा सांभाळून घेतलं असतं तर मी संसदेत आलोच नसतो, असं ते स्वतः सांगत. पंतप्रधान झाल्यावरही बंगला सोडून कॅनबेरातल्या कुराजाँग हॉटेलात राहिले.

विश्रांतवाडी:
काका, साधेपणा मान्य. पण १९४९ला २३,००० खाणकामगार सात आठवडे संपावर होते. त्यांना युनियननं पैसे देऊ नयेत म्हणून कायदा केला, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, मग सैन्य. सांभाळून घ्यायला हवं होतं हे ज्याला कळलं, त्यानंच?

घोरपडीचे काका:
हे मलाही खुपतं. ऐन हिवाळ्यात गॅस-वीज तुटली, कारखाने थांबले, लाखो कामगार घरी बसले. संपामागे कम्युनिस्ट आहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. तरी सैन्य पाठवणं चूकच, त्याला मी पांघरूण घालणार नाही. डिसेंबरात सत्ताही गेली. पण १९१७ला पोटावर मार खाल्लेल्या माणसाला मी परका म्हणणार नाही. फिटर, दोन्ही संप सांग, एकही गाळू नकोस.

भोसरीचा फिटर:
काका, १९१७चं तुम्हीच सांगा ना. चार वाजता आहे.

घोरपडीचे काका:
येतो. घोरपडीहून दोन बस बदलाव्या लागतात, साडेचार धर.