रूट, फॉरवर्ड, ट्रान्समिट : तिन्हींना ‘पाठवणे’च?

मीनल_भा
डिप्लोमाच्या मुलांसाठी नेटवर्किंगची एक पुस्तिका मराठीत करतेय आणि तिसऱ्या प्रकरणात अडकलेय. एकाच परिच्छेदात रूट करणं, फॉरवर्ड करणं आणि ट्रान्समिट करणं अशी तीन क्रियापदं आलीयेत. लेखकाने ती मुद्दाम वेगळी ठेवलीत, एकाच्या जागी दुसरं टाकलं की अर्थच बदलतो. आमचे तपासनीस म्हणतात तिन्हीकडे ‘पाठवणे’ लिहा, मुलांना कळतं. मला ते अजिबात पटत नाहीये, कारण मग राउटर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पुढे देणारा डबा) पण पाठवतो, संगणकातलं नेटवर्क कार्ड पण पाठवतं, केबल पण पाठवते आणि नेमकं कोण काय करतं तेच कळत नाही. दुसरीकडे मार्गनिर्धारण, अग्रेषण, पारेषण अशी रांग लावली तर मुलं पुस्तक मिटून ठेवतील. अजून एक. राउटर शेजारच्या राउटरला रूट ‘ॲडव्हर्टाइज’ करतो, म्हणजे कुठले पत्ते आपल्याकडून गाठता येतात ते कळवतो, याचं एका जुन्या भाषांतरात ‘मार्गांची जाहिरात करतो’ असं केलंय. ते नक्की नको. सुचवा काहीतरी, पानं द्यायची आहेत.

शब्दवेडा
मुलं पुस्तक मिटतील हे आपण परस्पर ठरवून टाकतो. संगणक शब्द आला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती, आज ग्रामपंचायतीचा शिपाई सहज म्हणतो. महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे सावरकरांनी रुजवलेले शब्द आता कोणाला जड वाटतात का? आणि पारेषण तर रोजच्या बातमीतला शब्द आहे, २००५ साली वीज मंडळाचे भाग झाले तेव्हापासून महापारेषण सगळ्यांना माहीत आहे. अग्रेषण थोडं कचेरीतलं वाटेल, पण अर्थ नेमका आहे. वापरा बिनधास्त.

तारतम्य
मी नेटवर्कमध्येच काम करतो म्हणून आधी कामं वेगळी करून सांगतो, शब्द त्यावर बसवा. रूटिंग म्हणजे राउटरांनी आपापसात बोलून कुठल्या पत्त्यासाठी कुठल्या शेजाऱ्याकडे जायचं याचा तक्ता तयार करणं. हे पॅकेट (म्हणजे पत्ता लावलेला डेटाचा तुकडा) यायच्या आधीपासून चालू असतं आणि पॅकेट नसलं तरी चालू राहतं. फॉरवर्डिंग म्हणजे पॅकेट आलं, पत्ता वाचला, तक्त्यात बघितलं, त्या दारातून पुढे दिलं. ट्रान्समिशन म्हणजे त्याचा एकेक बिट तारेवर चढवणं. पुस्तकात ट्रान्समिशनचा वेळ आणि प्रॉपगेशनचा (बिट तारेतून धावण्याचा) वेळ असे दोन प्रकार पुढे येतीलच, तिथे ‘पाठवणे’ लिहिलंत तर गणितं करताच येणार नाहीत. इथरनेटवर, म्हणजे घरी-कचेरीत असतं त्या तारेच्या नेटवर्कवर, एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट जातात, म्हणजे १२,००० बिट. १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १ कोटी बिटच्या) लाइनवर ते चढवायलाच १.२ मिलिसेकंद लागतात. चढलेला बिट फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १५० किलोमीटरवरचं मुंबई ते पुणे पाऊण मिलिसेकंदात. लाइन १ जीबीपीएसची केली तर पहिला आकडा शंभरपट कमी होतो, दुसरा तसूभरही हलत नाही. म्हणून चढवणं वेगळं आणि धावणं वेगळं. तपासनीसांना हे उदाहरण दाखवा.

आणि मार्गनिर्धारण या शब्दाला माझा विरोध त्यातल्या ‘मार्ग’साठी आहे. राउटरला मार्ग माहीतच नसतो हो! त्याला फक्त पुढचा हॉप, म्हणजे लगेचचा शेजारी राउटर, माहीत असतो. मुंबईचं पॅकेट लंडनला कुठून कुठून जाणार हे वाटेतल्या एकाही राउटरला सांगता येणार नाही, आणि तरी ते पोचतं, हेच तर या सगळ्यातलं विशेष आहे.

रानवारा
मग सरळ वाटाड्या म्हणा की राउटरला. अस्सल शब्द आहे आणि ऐकायला पण छान.

तारतम्य
शब्द सुंदर आहे पण वाटाड्या आपल्याबरोबर चालतो आणि त्याला अख्खा डोंगर पाठ असतो. राउटर जागचा हलत नाही आणि त्याला पुढची पायवाट सोडून काही ठाऊक नसतं. बरोब्बर उलटं.

कोकणची_सई
आमच्याकडे अजून ‘धाडणे’ जिवंत आहे. आजी मुंबईला फणस धाडायची, पाठवायची नाही. ट्रान्समिटला धाडणे आणि फॉरवर्डला पुढे धाडणे घेता येईल. आणखी एक आठवतंय, ‘वाटेला लावणे’. पाहुणा निघाला की त्याला वाटेला लावून यायचं, म्हणजे घरापर्यंत नाही जायचं, पाणंद संपून रस्ता लागतो तिथपर्यंतच. तारतम्यदादा म्हणतात ते फॉरवर्डिंग हेच झालं ना?

शब्दवेडा
सईताई, वाटेला लावणेचं ऐकणारा ‘वाट लावणे’ करणार. राउटर पॅकेटची वाट लावतो! पाठ्यपुस्तकात हे चालणार नाही.

कोकणची_सई
वाटेला लावणे आणि वाट लावणे यात फरक आहे आणि तो शहाण्या माणसाला कळतो. लोक चुकीचं ऐकतील म्हणून चांगले शब्द टाकून द्यायचे तर मग उरेल काय.

आप्पा_आरएमएस
मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तारतम्य यांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. पुढचंच फक्त माहीत असणं हे आमचं काम होतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, सहा आकडी. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड. पहिले तीन आकडे म्हणजे सॉर्टिंग जिल्हा. आता ४१५ घ्या. ४१५००१ सातारा आहे आणि ४१५६१२ रत्नागिरी, मध्ये सह्याद्री आडवा. पण लांबच्या सॉर्टरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याने ४१५ वाचायचं आणि पाकीट त्या खणात टाकायचं, पिशवी बांधायची, लाखेचं सील मारायचं. साताऱ्याचं कुठलं आणि रत्नागिरीचं कुठलं ते पुढच्या माणसाने शेवटचे आकडे बघून ठरवायचं. प्रत्येकाने पूर्ण पत्ता वाचत बसलं असतं तर गाडी सुटली असती. या कामाला आम्ही ‘डिस्पॅच’ म्हणायचो, आणि दोन ठिकाणांमधल्या अंतराला टप्पा. तुमच्या हॉपला टप्पा शब्द घ्या असं सुचवतो.

तारतम्य
आप्पा, तुम्ही सांगितलंत तोच आमचा मूळ नियम आहे! राउटरच्या तक्त्यात पण पूर्ण पत्ते नसतात, पत्त्यांचे सुरुवातीचे भाग असतात. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर जिच्यात जास्त आकडे जुळतात ती जिंकते. याचाच गोंधळ २४ फेब्रुवारी २००८ला झाला. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला, पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता खोटा रूट टाकला, तो यूट्यूबच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा नेमका होता, फक्त २५६ पत्त्यांचा. त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीने तो न तपासता बाहेर जगाला सांगितला आणि दोनेक तास जगभरातून यूट्यूबकडे निघालेली पॅकेटं पाकिस्तानकडे वळली. जास्त आकडे जुळले ना, मग प्रत्येक राउटरने इमानेइतबारे तिकडेच दिली.

रानवारा
मीनलताई, ॲडव्हर्टाइजला ‘दवंडी’ बघा. राउटर दवंडी पिटतो की हा पत्ता माझ्याकडून गाठता येईल. खोटी दवंडी पिटली की वरचं पाकिस्तानचं प्रकरण. एका शब्दात समजतं.

मीनल_भा
दवंडी घेतली! टप्पा पण घेते, एसटीच्या तिकिटामुळे मुलांना तो माहीतच आहे. आता टीटीएलचं, म्हणजे पॅकेटवरच्या त्या नावाच्या रकान्याचं, पण होऊन जाईल वाटतं. मूळ मजकुरात त्याचा अर्थ ‘जगण्याचा काळ’ असा आहे आणि मी ‘आयुर्मर्यादा’ असं काहीतरी योजत होते.

तारतम्य
आयुर्मर्यादा नका करू. १९८१च्या आयपीच्या (इंटरनेटवर पॅकेट कसं न्यायचं त्या नियमांच्या) मानकात ते सेकंदात मोजायचं ठरलं होतं हे खरं, पण प्रत्यक्षात प्रत्येक राउटर एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो, काळाचा संबंधच राहिला नाही. म्हणून आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीत त्या रकान्याचं नावच बदलून हॉप लिमिट केलं. तुम्ही सरळ ‘टप्प्यांची मर्यादा’ लिहा. मुलांना ट्रेसराउट ही वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा चालवून दाखवा म्हणजे डोळ्यांनी दिसेल. ती आज्ञा पहिलं पॅकेट मर्यादा १ लावून सोडते, ते पहिल्याच राउटरवर मरतं आणि तो राउटर ‘इथे संपलं’ असा निरोप उलट पाठवतो. मग मर्यादा २, मग ३. घरून केलं तर पहिल्या ओळीत बहुतेकदा १९२.१६८.१.१ दिसेल, तो आपल्याच कपाटावरचा डबा. पुढे एकेक ओळ उतरत जाते, मध्येच कुठेतरी नुसत्या चांदण्या (* * *) येतात, म्हणजे तो राउटर निरोप द्यायला तयार नाही पण पॅकेट पुढे देतोय.

बेळगावचा_पाटील
टप्पावरून आठवलं, टपाल हा शब्द टप्प्यावरूनच आला ना? टप्प्याटप्प्याने जातं ते टपाल. मग नेटवर्कसाठी हे सगळं घराणं आपलंच आहे.

बेंगळुरूकर_मराठी
पाटीलसाहेब, इतकं सोपं नाही. कन्नडमध्ये टपालु आहे, तमिळमध्ये तपाल आहे, तेलुगूत आहे, गुजरातीत पण टपाल. इकडे लोक म्हणतात तुम्ही आमच्याकडून घेतला.

बेळगावचा_पाटील
मराठे तंजावरपर्यंत गेले होते, शब्द पण त्यांच्याबरोबर गेला असणार. टप्पा हा मूळ शब्द जिथे रोजच्या वापरात आहे तिथलाच टपाल.

बेंगळुरूकर_मराठी
‘असणार’वर व्युत्पत्ती ठरत नाही. मराठे तिकडे गेले तसे तिकडचे शब्द इकडेही आलेत, अडकित्ता कन्नडमधूनच आला ना?

शब्दवेडा
मूळ प्रश्नाकडे या. पॅकेटला काय लिहिताय मीनलताई? ‘विदा-पुडके’ (विदा म्हणजे डेटा) असा शब्द मी एका ठिकाणी सुचवला होता.

मीनल_भा
पॅकेटच ठेवणार होते. विदा मला व्यक्तिशः आवडतो पण या पुस्तिकेत डेटा चाललाय.

तारतम्य
पॅकेटबद्दल एक गोष्ट या धाग्यावर सांगायलाच हवी. हा शब्द ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिसने साठच्या दशकाच्या मध्यावर निवडला. त्याच्या थोडं आधी अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेत पॉल बॅरनने हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, पण तो त्याला ‘मेसेज ब्लॉक’ म्हणायचा. डेव्हिसने शब्द पक्का करण्याआधी भाषातज्ज्ञांना विचारलं होतं की इतर भाषांत याला भावंडं आहेत का. म्हणजे दुसऱ्या भाषेत नेताना त्रास होऊ नये हा विचार त्याने आपल्या कितीतरी आधी करून ठेवला. आणि मराठीत भावंड आहेच : पाकीट. आप्पांनी वर किती सहज लिहिलंय बघा, ‘पाकीट त्या खणात टाकायचं’.

आप्पा_आरएमएस
पाकीट हा आमचा रोजचा शब्द. पत्ता बाहेर, मजकूर आत, आणि आतलं वाचायचा आम्हाला अधिकार नाही.

कोकणची_सई
पाकीट गहाळ झालं हे पण मग आयतं मिळालं, पॅकेट लॉससाठी.

तारतम्य
गहाळमध्ये कुणालाच कळलं नाही असा अर्थ येतो. राउटर बहुतेक वेळा जाणूनबुजून टाकतो, रांग भरली की नवीन आलेलं सरळ टाकून देतो. ते परत मागवणं आणि क्रम लावणं टोकाच्या दोन मशीनवरच्या टीसीपी या प्रोटोकॉलचं काम. ‘गळणे’ बरं वाटतंय. पाकिटं गळतात.

शब्दवेडा
पाकीट म्हटलं की नव्वद टक्के लोकांना खिशातलं आठवणार आणि पाठोपाठ पाकीटमार. तांत्रिक लेखनात संज्ञेला एकच अर्थ हवा. भाषा संचालनालयाने १९६०पासून परिभाषा कोशांवर इतकं काम केलं ते याचसाठी. आपण दर वेळी घरातला शब्द ओढून आणतो आणि मग तो चार अर्थांनी घोळतो.

रानवारा
इंग्रजी पॅकेटला तरी कुठे एकच अर्थ आहे? बिस्किटाचा पण पॅकेटच. त्यांच्या संज्ञा त्यांच्या घरातल्याच आहेत, फक्त आपल्याला त्या परक्या म्हणून भारदस्त वाटतात. त्यांची मुलं विंडो, माऊस, पोर्ट वाचतात तेव्हा ओळखीचे शब्द वाचतात. आपल्या मुलाने ‘अग्रेषण’ वाचायचं आणि आधी त्याचा अर्थ पाठ करायचा, मग विषय. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

शब्दवेडा
आणि घरातला शब्द एमएससीच्या प्रबंधात कसा वाचणार? अग्रेषणवरून अग्रेषक, अग्रेषित, अग्रेषणतक्ता सगळं होतं. ‘वाटेला लावणे’वरून काय करणार, वाटेलालावणतक्ता?

मीनल_भा
हा मुद्दा मला खरंच अडतोय. फॉरवर्डिंग टेबलला नाम लागतंच. टप्पा, दवंडी, गळणे बसलं, ट्रान्समिटला तारतम्य यांचं ‘तारेवर चढवणे’ घेतेय. फॉरवर्डला अजून शब्द नाही.

सुतारपक्षी
इथे सगळे राउटर लिहितायत ते कुठल्या उच्चाराने? माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे, आमचा राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन. मध्यंतरी एक इंग्लंडचं गिऱ्हाईक आलं, ते आमच्या मशीनला राउटर म्हणत होतं आणि वायफायच्या डब्याला रूटर. बसचा आपण रूटच म्हणतो, राउट नाही म्हणत. मग डबा राउटर कसा झाला?

तारतम्य
दोन्ही मुळात वेगळे शब्द आहेत. तुमचा राउटर उकरण्यावरून आला, आमचा वाटेवरून. आपल्याकडे उपकरणं आणि शिकवण दोन्ही अमेरिकेतून आली म्हणून राउटर.

बेळगावचा_पाटील
वाटेवरचा तो रूट लॅटिनमधला आहे, फोडून काढलेली वाट असा अर्थ. रूटीन पण त्यातूनच. आपल्याकडे ‘घाट फोडला’ म्हणतात तसं.

कोकणची_सई
मीनलताई, नाम हवं तर ‘रवानगी’. रवानगीचा तक्ता. आप्पांच्या डिस्पॅचला पण हाच.

शब्दवेडा
रवानगी फारसी आहे. राज्यव्यवहारकोश कशासाठी केला होता महाराजांनी?

आप्पा_आरएमएस
रवानगी आमच्याकडेही चालायचा. पण रवानगीत मूळ ठिकाणाहून निघणं येतं, मधल्या ठाण्याहून पुढे देणं नाही.

बेंगळुरूकर_मराठी
पाटीलसाहेब, टपालचं अजून मिटलेलं नाही. तुमचं ‘मराठ्यांबरोबर गेला’ खरं मानलं तरी तो गुजरातीत कसा पोचला ते सांगा.

बेळगावचा_पाटील
गायकवाड बडोद्याला होते की.