मदत हवी आहे: बाबांचा सीएलएल, जीन एक्स्प्रेशनची तपासणी नागपुरातून करावी का?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६७) सीएलएल निघाला आहे, म्हणजे संथ चालणारा रक्ताचा कर्करोग. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी साधा सीबीसी केला, त्यात पांढऱ्या पेशी ३८ हजार आल्या. फ्लो सायटोमेट्रीने (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) निदान पक्कं झालं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट ठीक, गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही. राय स्टेज ०, म्हणजे सर्वांत सुरुवातीचा टप्पा. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, दर तीन महिन्यांनी रक्त बघत राहू. मला ते पटलं, कारण या टप्प्यावर लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. आईला अजिबात पटलेलं नाही. "कॅन्सर आहे म्हणता अन् गोळी देत नाही, असं कुठं असते का?"

बाबांचा प्रश्न वेगळा आहे: हा किती वर्षं झोपून राहील? त्याच्या उत्तरासाठी एका लॅबने जीन एक्स्प्रेशन पॅनेल (कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजणारी तपासणी) सुचवलं आहे आणि तिथेच मी अडलो आहे.

वाचून जे समजलं ते असं. १९९९ साली दोन अभ्यासांत दिसलं की आयजीएचव्ही या अँटिबॉडी बनवणाऱ्या जनुकात म्युटेशन (बदल) झालेलं असेल तर आजार सहसा संथ राहतो, नसेल तर लवकर जोर धरतो. मग २००१ मध्ये संशोधकांनी या दोन गटांतल्या हजारो जनुकांची अभिव्यक्ती (एक्स्प्रेशन) तपासली. गट बरेचसे सारखेच निघाले, फरक मोजक्याच जनुकांत होता आणि त्यात झॅप-७० ठळक होतं. पुढे एलपीएल हे जनुकही तसंच उपयोगी ठरलं. हे सगळं वाचताना मला खूप आशा वाटली, हे मोकळेपणाने सांगतो.

पण अडचण अशी की झॅप-७० निरोगी टी-पेशींतही असतं. नमुन्यातून बी-पेशी (सीएलएल यांचाच असतो) नीट वेगळ्या केल्या नाहीत तर आकडा फसवा येऊ शकतो आणि दोन लॅबचे निकाल जुळत नाहीत. शिवाय एक्स्प्रेशन आरएनएवर (सक्रिय जनुकाची पेशीतली तात्पुरती नक्कल) मोजतात आणि आरएनए लवकर खराब होतो. मे महिन्यात नागपुरातून निघालेली ट्यूब दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये कोणत्या अवस्थेत पोचेल? खास ट्यूब मिळते म्हणतात, पण आमच्या भागातल्या कलेक्शन सेंटरवर विचारलं तर त्यांना ती माहीतच नव्हती.

डॉक्टरांचं म्हणणं, आयजीएचव्ही, फिश (गुणसूत्रांतले बदल बघणारी तपासणी) आणि टीपी५३ (पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाची तपासणी) एवढं पुरे. सीएलएल-आयपीआय या धोका ठरवणाऱ्या गुणांकनात टीपी५३, आयजीएचव्ही, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन), स्टेज आणि वय हेच पाच मुद्दे आहेत, एक्स्प्रेशन नाही. आयजीएचव्हीचा निकाल आयुष्यभर तोच राहतो, म्हणून तो एकदाच करायचा. फिश आणि टीपी५३ मात्र औषध सुरू करायच्या आधी पुन्हा बघावे लागतात, कारण आजार बदलू शकतो. माझा कलही डॉक्टरांकडेच आहे. तरी उद्या एखादी गोष्ट हुकली असं वाटायला नको, म्हणून विचारतोय.

ज्यांच्या घरी एक्स्प्रेशनचा रिपोर्ट झाला आहे, त्यावरून डॉक्टरांनी उपचाराचा निर्णय खरंच बदलला का? आयजीएचव्हीशी तो जुळला नाही तेव्हा त्यांनी कशावर विश्वास ठेवला? नागपूर, वर्धा किंवा अमरावतीहून आयजीएचव्हीचा नमुना पाठवला असेल तर कोणत्या ट्यूबमध्ये, आणि रिपोर्ट यायला किती दिवस लागले? खर्चाचा अंदाजही द्या, बाबांची पेन्शन बेताची आहे.

आणि सीएलएल असताना कोणाच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही जरूर लिहा. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताचे डॉक्टर) आणि हाडांचे डॉक्टर यांना एकत्र बोलायला लावायचं ठरवलं आहे, त्यांना नेमकं काय विचारू? बाबांना आता जिना चढवत नाही.